आमच्या कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, आदिवासी गावांत स्वयंसेवक पाठवून कौशल्यं शिकवायची आहेत. काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीतले चाळीस जण दोन दिवस गडचिरोलीला जाणार आहेत, निधी मंजूर आहे, फक्त विषय ठरायचा आहे. मी आधी आकडा बदलायला सांगेन. दोघं-तिघं जा, पण तेच दोघं-तिघं पुढची तीन वर्षं जात राहा. विषय गावाला ठरवू दे.

मी नागपूरला हिशेब तपासणीचं काम करते. पहिल्यांदा मीही अशाच एका कंपनीच्या दौऱ्यातून गेले होते. मे महिना होता. आम्ही शाळेच्या भिंती रंगवत होतो आणि गावात चिटपाखरू नव्हतं, कारण सगळं गाव पहाटेच विडीची तेंदूपानं तोडायला जंगलात गेलेलं. आमच्या स्वयंपाकासाठी दोन बाया मागे थांबल्या होत्या. त्यांची त्या दिवसाची पानांची मजुरी बुडाली, हे मला दुपारी कळलं. तो घास अजून आठवतो.

संध्याकाळी मी फळीवर गेले. फळी म्हणजे पानं जमा करायची जागा. ७० पानांचा एक पुडा, दुपारभर घरी बसून बांधलेला. बाया टोपल्यांतून पुडे आणून जमिनीवर ओळीनं मांडत होत्या आणि फळी मुन्शी, एक बारावी झालेला पोरगा, वहीत नोंदी करत होता. वहीचा एकेक रकाना त्यानं पट्टीनं आखलेला. ग्रामसभेच्या सचिवांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही हिशेबातल्या ना? मग एवढं बघून द्या." तिथून माझं खरं काम सुरू झालं.

पुढच्या वर्षी मी मोठ्या हौसेनं एक्सेलमध्ये तक्ता करून नेला. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, पुडे, रक्कम, बँक खातं, असं सगळं होतं. सभेत वाचून दाखवला तेव्हा एक आजी गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बाया हसल्या. मुन्शीनं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, पानं मी तोडली, पुडे मी बांधले, मग नाव त्याचं कसं?" तक्ता तिथंच बदलला. आता जी तोडते तिचं नाव आणि तिचंच खातं. मी शिकवायला गेले होते आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला न सुचलेला रकाना त्या आजीनं दिला.

हिशेबावर मी एवढा जोर का देते, तेही सांगते. २००६च्या वनहक्क कायद्यानं गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर आणि त्यातल्या उपजेवर गावाचा एकत्रित हक्क, मिळू लागले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो २००९मध्ये मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आलं. २०१४मध्ये राज्याचे पेसा नियम आले; पेसा म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. आता कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करतात. म्हणजे निविदा काढायची, ठेकेदाराशी करार करायचा, पॅन घ्यायचं, जीएसटी बघायचा. तेंदूपानं विकणाऱ्याला खरेदीदाराकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करून भरावा लागतो. हे गावाला कोणी नीट समजावलंच नाही तर नोटीस मात्र गावाच्या नावावर येते! तुमच्याकडे लेखापाल असतील, करार वाचणारे वकील असतील, जीपीएसवर नकाशे करणारे असतील. त्यांची खरी गरज आहे.

आता पैशाचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्चायचे असतात, पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे बऱ्याच कंपन्या स्वयंसेवा म्हणजे एक दिवसाची सहल करून टाकतात आणि निधी दुसरीकडे वळवतात. तुम्ही दोन्ही एकाच गावाशी जोडा. तुमची माणसं पगारी रजेवर येऊ देत, आणि निधीतून गावातल्याच एका-दोघा तरुणांना, शक्यतो मुलींना, दफ्तर सांभाळण्यासाठी दरमहा मानधन द्या. बाहेरचा माणूस परत गेल्यावर काम तेच पुढे नेणार आहेत. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प कायद्यात बसतो, तेव्हा मार्चअखेर पैसे संपवायची घाई करू नका.

ऑस्ट्रेलियात 'जावुन' नावाची संस्था २००१पासून हे करते. केप यॉर्कमध्ये सुरुवात झाली. बँका आणि मोठ्या कंपन्या आपली माणसं काही आठवड्यांसाठी आदिवासी संस्थांकडे पाठवतात, आणि काय काम हवं ते त्या संस्था आधी सांगतात. मला त्यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तुमच्या वरिष्ठांना दाखवायला उदाहरण लागलं तर हे दाखवा.

जाण्याआधी ग्रामसभेला पत्र द्या आणि सभेत त्यावर बोलणं होऊ द्या. गोंडी आणि मराठी दोन्ही येणारं गावातलं माणूस सोबत घ्या, आणि त्याला त्याचे पैसे द्या. सभेनं नको म्हटलं तर मनापासून जोहार करून परत या. मे महिन्यात कोणालाही शिकवायला जाऊ नका. जूनमध्ये पावसाआधी सगळ्या वह्या जुळवायच्या असतात, तेव्हा आमच्याकडे हात कमी पडतात. तेवढ्या आठवड्यासाठी तुमच्याकडचा एक लेखापाल मिळाला तरी मला इथे जरूर कळवा, मी सचिवांशी बोलून ठेवते.