इंजिनाची कव्हरे: घरी रंगवावीत की रंगवलेली विकत घ्यावीत?

प्रिय मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. २०१० ची कॉर्व्हेट (शेव्हरलेची स्पोर्ट्स कार), तीही क्रिस्टल रेड रंगाची, तू इतक्या निगुतीने राखली आहेस हे पाहून फार समाधान वाटले. इंजिनाच्या दोन्ही अंगांना फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना इंधन पोचवणाऱ्या नळीवर) बसणारी कव्हरे गाडीच्या रंगात हवीत, तर ती स्वतः रंगवावीत की रंग जुळवून तयार केलेली विकत घ्यावीत, असे तू विचारले आहेस. खर्चाकडे नंतर वळू. आधी तुझ्या गाडीच्या रंगाची जात नीट समजून घे.

तुझी गाडी टॉर्च रेड किंवा आर्क्टिक व्हाइट असती, तर मी बेलाशक ‘घरी रंगव’ असे लिहिले असते. ते साधे, एकजिनसी रंग आहेत. कोड (कंपनीने रंगाला दिलेला क्रमांक) बरोबर असला आणि खालचा थर झाकला गेला, की त्यांचा रंग सहसा फसवत नाही. क्रिस्टल रेडचे तसे नाही. तो टिंटकोट आहे. खाली चमकीचा मेटॅलिक थर, त्यावर लाल छटेचा पारदर्शक थर आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे रंगहीन संरक्षक थर, अशी त्याची रचना असते. मधल्या थराचा एक हात जास्त पडला, तर लाल गडद होतो आणि एक कमी पडला, तर फिका राहतो. हवेचा दाब, स्प्रे गनचे अंतर आणि हाताचा वेग यांनुसार चमकीचे कण वेगळ्या कोनात बसतात आणि समोरून जुळलेला रंग बाजूने पाहताना निराळा भासतो. स्प्रेच्या डब्यातून यावर ताबा ठेवणे फार कठीण आहे.

विकतच्या कव्हरांनीही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हे लक्षात घे. विक्रेता रंग जुळवतो तो कंपनीच्या कोडशी. तुझी गाडी मात्र इतकी वर्षे ऊन खाल्लेली आहे, आणि एकाच कोडच्या छटांमध्येही थोडाफार फरक असतो. त्यातल्या त्यात एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. ही कव्हरे बाहेरच्या पत्र्याला चिकटून बसत नाहीत. (पत्रा म्हणायची सवय, कॉर्व्हेटच्या अंगाचे बाहेरचे भाग संमिश्र प्लॅस्टिकचेच असतात.) बॉनेटखालचा उजेडही मंद असतो, त्यामुळे फेंडर आणि दरवाजा यांच्या सांध्यावर डोळ्यांत खुपेल एवढा फरक येथे सहज खपून जातो. वाईट तयारी मात्र कुठेही खपत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की काम वाटून घे. तयारी तू कर आणि रंग एखाद्या चांगल्या बॉडी शॉपच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, मारून घे. तुझी मूळ कव्हरे जपून ठेव आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरी जोडी मिळव; पुढे गाडी विकताना मूळ भाग मागणारे गिऱ्हाईक भेटतेच. तयार रंगवलेली कव्हरे घेतलीस, तरी जुनी परत मागणारा विक्रेता शक्यतो टाळ.

तयारीत सगळी मेहनत आहे. कव्हरे आधी साबणाच्या पाण्याने आणि मग मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून घे, आणि हे घासण्याआधीच कर. कारण इंजिन चमकवण्यासाठी मारलेल्या फवाऱ्यातील सिलिकॉन घासताना ओरखड्यांत शिरते आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. कव्हराच्या मागे प्लॅस्टिकची खूण कोरलेली आहे का ते पाहा. पीए म्हणजे नायलॉन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पीपीवर पकड वाढवणारा खास थर दिल्याशिवाय रंग धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. पृष्ठभाग रवाळ असेल, तर जाड बसणारा हार्डनरचा (रंग कडक करणारे रसायन मिसळलेला) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारून ४०० नंबरच्या पाणी पेपरने (ओला करून वापरायच्या घासकागदाने) सपाट कर आणि शेवटचा हात ६०० चा दे. उठावदार अक्षरांच्या कडा घासताना बोटांनी दाबू नकोस, त्या झटकन उघड्या पडतात. कव्हर ज्या जागी दाबून बसते, त्या खाचा टेपने झाक. तेथे रंग साचला, तर कव्हर नीट बसत नाही.

बॉडी शॉपमध्ये ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवरचा कोड दे आणि नमुना पट्टीचा आग्रह धर. एकाच पट्टीवर टिंटचा एक, दोन, तीन आणि चार हात मारून, वर क्लिअर देऊन, ती उन्हात गाडीशेजारी धरावी आणि मगच किती हात द्यायचे ते ठरवावे. पट्टी करायला जो कारागीर तयार नसेल, त्याच्याकडे टिंटकोटचे काम देऊ नकोस.

इंजिनाच्या उष्णतेची तुला भीती वाटते, पण या कव्हरांना इंजिन एनॅमलची (इंजिनासाठीच्या उष्णतारोधक रंगाची) गरज नाही. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, आणि हार्डनर घातलेला चांगला क्लिअर बॉनेटखालची उष्णता व्यवस्थित सोसतो. बिनहार्डनरचा डब्यातला क्लिअर मात्र पेट्रोल सांडताच मऊ पडतो, तेव्हा तो नकोच.

याउपर गॅरेजमध्ये स्वतःच क्लिअर मारायचा मोह झाला, तर माझे एवढे ऐक. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येत नाही म्हणजे धोका नाही असे मुळीच नसते. धुळीचा साधा मास्क येथे निरुपयोगी आहे. बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात तो याचसाठी. तुझ्या फुप्फुसांपुढे त्या कव्हरांची काहीच किंमत नाही.

उष्णतारोधक पत्रे, रबरी सील, कूलंटच्या झाकणावरची सूचना आणि प्रदूषण नियंत्रणाचे लेबल यांना रंग लावू नकोस. रंगवलेली कव्हरे क्लिअर पुरता वाळल्यावरच बसव, आणि ब्रेक ऑइल भरताना त्यांवर जाड फडके टाक; त्याचा एक थेंबही रंग उचलतो.

नमुना पट्टी तयार झाली, की किती हातांवर रंग जुळला ते मला अवश्य कळव.

तुझा हितचिंतक