वरच्या हवेतला वारा मोजून उद्याच्या पावसाचा अंदाज कसा सुधारतो?

ढग वाहतात ते वरच्या वाऱ्यावर, म्हणून जमिनीवरचा वारा मोजून भागत नाही. मॉन्सूनमध्ये कोकणावर बाष्प आणणारा सोमाली प्रवाह नावाचा वारा साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वात जोरात असतो. तो किती वेगाने, कुठल्या दिशेने येतोय, यावर घाटमाथ्याचा पाऊस बराचसा ठरतो.

खरी गोम पुढे आहे. युरोपसारख्या अक्षांशांवर हवेच्या दाबावरून वाऱ्याचा बराचसा अंदाज बांधता येतो. विषुववृत्ताकडे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण होतो आणि हे गणित कोलमडते. त्यामुळे आपल्या भागात वारा प्रत्यक्षच मोजावा लागतो. अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या मॉडेलची सुरुवातच चुकली, तर पुढचे काही तासही चुकणारच.

मोजतात कसा? मुख्यतः फुग्यांनी, साधारणपणे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी. विमानांच्या नोंदीही मिळतात. समुद्रावर मात्र फुगे जवळजवळ नसतातच, आणि आपला पाऊस तर तिकडूनच येतो! म्हणून मला युरोपचा एओलस उपग्रह फार महत्त्वाचा वाटतो. २०१८ साली गेलेल्या या उपग्रहाने लेझरने वारा मोजला. २०२० पासून युरोपीय हवामान अंदाज केंद्राने त्या नोंदी रोजच्या अंदाजात घेतल्या आणि उष्ण कटिबंधात फायदा ठळक दिसला.