पोट साफ करायला निघालायत? आधी हे वाचा

पोट साफ करायच्या पुड्या घेतल्यावर आतड्यातला ‘साचलेला मळ’ बाहेर पडला म्हणून दाखवतात ते काळ्या दोरखंडासारखे फोटो पाहून घाबरलात ना? मीही घाबरले होते. पण तो ‘मळ’ म्हणजे बहुतेकदा त्याच पुडीतल्या इसबगोलाचा नि बेंटोनाइट मातीचा गोळा असतो. आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, वर्षानुवर्षांचा मळ तिथे साचून राहत नाही. मळातून शरीरभर विष पसरतं ही कल्पना डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढलीय.

शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आसनं करत आतडी धुण्याची योगक्रिया, करायचंच असेल तर शिक्षकासमोर करा. कोमट मिठाचं पाणी, ताडासनापासून उदराकर्षणासनापर्यंत पाच आसनं, मग शौच, आणि नंतर मुगाची मऊ खिचडी भरपूर तूप घालून. सुट्टीच्या दिवशीच, हं! मी एकदा कामाच्या दिवशी केलं, नि दादर ते ठाणे लोकलमध्ये जे भोगलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळीत सामायिक संडास असेल तर विचारच सोडा.

बीपी, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास, मूळव्याध, गरोदरपण असेल तर नकोच. बस्ती, म्हणजे गुदद्वारातून औषध देण्याचा आयुर्वेदिक उपचार, हवी तर वैद्यांकडून, तपासणी करून. वरळीला पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे. कॉफीचा एनिमा घरी अजिबात नाही, त्याने गुदाशय भाजल्याच्या नोंदी आहेत. मशीनने आतड्यात पाणी सोडणाऱ्या महागड्या पॅकेजला मी तरी पैसे घालणार नाही. त्याने शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं, क्वचित आतड्याला भोकही पडतं.

शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, शौचाची सवय अचानक बदलणं असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा.