वाचकांचे प्रश्न : म्युझिक प्लेअरचा रिमोट बदलण्यापूर्वी

प्रश्न : वडिलांसाठी आम्ही जळगावहून जुनी गाणी आणि भजने भरलेला पोर्टेबल म्युझिक प्लेअर आणला. गुडघ्यांमुळे त्यांना वारंवार उठवत नाही, त्यामुळे सगळा कारभार रिमोटवरच चालतो. तो आधी अधूनमधून अडखळत असे, आता पूर्ण बंद पडला आहे. बाजारातून हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा रिमोट आणला, पण तोही चालला नाही. दुकानदार नवा सेटच घ्यायला सांगतात. खरेदीला अजून वर्षही झालेले नाही. काय करावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : दुसरा रिमोट चालला नाही, एवढ्यावरून सेट बिघडला असे म्हणता येत नाही. अशा प्लेअरचे रिमोट बहुधा अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर चालतात. बटण दाबले की पुढचा छोटा दिवा साधारण सेकंदाला 38 हजार वेळा या वेगाने लुकलुकत एक संकेत पाठवतो आणि त्या संकेतात बटणाच्या आज्ञेबरोबर बहुतेक वेळा यंत्राची ओळखही असते. ती ओळख जुळली नाही, तर बाहेरून जुळा भाऊ शोभेल असा रिमोटही प्लेअरच्या लेखी परकाच ठरतो.

म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. खोलीत अंधार करून रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात हे किरण बऱ्याचदा गाळले जातात, त्यामुळे सेल्फीचा कॅमेरा वापरलेला बरा. पडद्यावर फिकट जांभळी चमक दिसली, तर रिमोट संकेत पाठवत आहे आणि संशय प्लेअरमधल्या रिसीव्हरवर, म्हणजे संकेत टिपणाऱ्या भागावर जातो. मात्र तो निष्कर्ष काढण्याआधी प्लेअर सावलीत ठेवून पाहा, कारण खानदेशातल्या उन्हात ओट्यावर ठेवलेल्या प्लेअरचा रिसीव्हर प्रखर प्रकाशाने दिपून जातो आणि चांगला रिमोटही तिथे निकामी वाटतो.

कोणत्याच बटणाला चमक दिसली नाही, तर सेलकडे वळा. तुम्ही सेल बदलल्याचे लिहिलेले नाही. बदलला असला, तरी त्यावरचा क्रमांक पाहा. सीआर 2025 आणि सीआर 2032 हे नाण्यासारखे दोन्ही चपटे सेल 3 व्होल्टचे आणि 20 मिलिमीटर व्यासाचे असतात, पण पहिल्याची जाडी 2.5 आणि दुसऱ्याची 3.2 मिलिमीटर असते. जाड सेलच्या जागी पातळ बसवला, तर तो खोबणीत सैल राहतो आणि रिमोट तुम्ही वर्णन केल्याप्रमाणे अडखळू शकतो. काढलेला सेल घरात कुठेही पडू देऊ नका; लहान मुलाने तो गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा तसे घडल्यास थेट रुग्णालय गाठावे.

काही बटणांना चमक आणि काहींना नाही, असे असेल, तर रबरी बटणांखालचे काळे कार्बनचे ठिपके धुळीने किंवा घामाने मळले असावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने ते हलकेच पुसून पूर्ण वाळू द्यावेत. ब्लेडने खरवडण्याचा मोह टाळावा, कारण कार्बनचा थर निघाला की ते बटण कायमचे गेले.

वॉरंटी शिल्लक असताना प्लेअर मात्र उघडू नये. वॉरंटी कार्डात रिमोटची मुदत वेगळी आहे का, हे वाचून बिलाची प्रत, मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक देऊन विक्रेता व कंपनी या दोघांकडे लेखी तक्रार करावी. तोंडी सांगण्याला पुढे काही आधार राहत नाही. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करता येते. त्यानंतरही प्रश्न सुटला नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. एका रिमोटसाठी कोणी आयोगापर्यंत जाईल असे नाही, पण दुकानदाराचे ‘नवा सेट घ्या’ हे काही शेवटचे वाक्य नव्हे.

विकतच घ्यायचा ठरला, तर रूप पाहून नव्हे, सेटच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक सांगून मागवावा. दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून घेणारा रिमोट तुमच्या उपयोगाचा नाही, कारण शिकवणारा मूळ रिमोटच मुका झाला आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये शोधायला गेलात, तर प्लेअर सोबत न्यावा आणि पैसे देण्याआधी तिथेच एकेक बटण दाबून पाहावे.