न्यूझीलंडमध्ये रीजनल कौन्सिल पर्यावरणावर देखरेख कशी ठेवते? आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळासारखीच का? आणि कौन्सिलच चुकली तर काय?

थोडीफार तशीच, पण हिचा पसारा मोठा आहे आणि हद्द लहान. मी वायकाटो नदीकाठच्या हॅमिल्टनला राहतो, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करतो. त्यामुळे पाण्याबद्दल जरा जास्त लिहीन, बाकीचं थोडक्यात.

आपलं मंडळ अख्ख्या राज्याचं एक आणि सरकारने नेमलेलं. इथे १९८९ साली स्थानिक संस्थांची फेररचना झाली तेव्हा रीजनल कौन्सिलच्या हद्दी शक्यतो नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या. वायकाटो ही देशातली सर्वात लांब नदी, ४२५ किलोमीटर. वाटेत शहरं आहेत, धरणं आहेत, हजारो गायींचे गोठे आहेत, पण जाब विचारायला कार्यालय एकच. अशा ११ कौन्सिल आहेत. ऑकलंड, नेल्सन वगैरे पाच ठिकाणी शहराची आणि रीजनलची कामं एकाच कौन्सिलकडे असतात. सदस्य निवडून येतात आणि खर्चाचा बराचसा भार घरमालकांवर पडतो. हॅमिल्टनमध्ये शहराच्या घरपट्टीचं बिल वेगळं येतं, रीजनलचं वेगळं. रस्ते, कचरा आणि नळाचं पाणी शहर बघतं. नदी, हवा, माती, किनारा, पूर आणि उपद्रवी प्राणी रीजनलकडे. हॅमिल्टनच्या सिटी बसदेखील रीजनल कौन्सिलच्याच, आता बोला!

या कारभाराचा कणा म्हणजे १९९१ चा रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्ट. नियम करणं, परवाना देणं, मोजणं आणि मोडणाऱ्याला कोर्टात खेचणं ही चारही कामं त्याने कौन्सिलच्या हाती दिली. नदीत काही सोडायचं असेल किंवा मोठ्या प्रमाणावर पाणी उपसायचं असेल तर ‘कन्सेंट’ म्हणजे परवाना काढावा लागतो. सेकंदाला ५ लिटर किंवा त्याहून जास्त उपशाची कन्सेंट असेल तर २०१० च्या नियमांनुसार मीटर बसवावाच लागतो. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात असा मीटर बसवायचं नुसतं नाव काढून बघा.

आता मोजणी. कौन्सिलची माणसं दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जातात. जिवावर बेतण्यासारखी परिस्थिती नसेल तर पावसामुळे तारीख बदलत नाही, कारण ऊन बघून गेलं तर आकडेही गोजिरवाणे येतात. पाण्याचा गढूळपणा मोजायची पद्धत मला फार आवडते. एक काळी तबकडी पाण्यात धरतात, आरसा लावलेल्या नळीतून पाण्याखाली आडवं बघत मागे मागे सरकत जातात, आणि तबकडी दिसेनाशी होते ते अंतर मीटरमध्ये लिहून ठेवतात. पोहण्यासाठी १.६ मीटर तरी दिसलं पाहिजे असा संकेत आहे. शिवाय वर्षातून एकदा ओढ्यातले दगड ढवळून त्याखालचे किडे जाळीत पकडतात. प्रदूषण न सोसणाऱ्या किड्यांना जास्त गुण, काहीही सोसणाऱ्यांना कमी, आणि त्यावरून ओढ्याचा निर्देशांक. रासायनिक चाचणी फक्त त्या दिवसाचं पाणी सांगते. किडे मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतात.

बाटल्या आइसबॉक्समधून लॅबला येतात. ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूसाठी आम्ही १०० मिलिलिटर पाण्यात पावडर विरघळवतो, ते ९७ कप्प्यांच्या ट्रेमध्ये ओतून ट्रे सील करतो आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारे कप्पे मोजायचे आणि तक्त्यावरून १०० मिलिलिटरमधल्या जंतूंचा आकडा काढायचा. २६० ओलांडला की सावधगिरी, ५५० च्या वर गेला की ‘पोहू नका’. हे सगळं ‘लावा’ नावाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, तो आकडा येईपर्यंत ते पाणी कधीच पुढे वाहून गेलेलं असतं. म्हणून मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस नदीत उतरायचं नाही, वेबसाइट काही का म्हणेना.

हवेचं काम पाण्याहून सोपं. इथे हिवाळ्यातला धूर मुख्यतः घरातल्या लाकडाच्या शेगड्यांचा. टोकोरोआसारख्या गावात थंड, वारा पडलेल्या रात्री तो खालीच साचतो. पीएम१० चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, २४ तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून एकदाच जाऊ शकतं, असं राष्ट्रीय मानक आहे. जुन्या शेगड्या बदलून हा प्रश्न बराच आटोक्यात येतो.

माझं मत विचाराल तर मोजणी अव्वल, अंकुश मध्यम. पाइपातून येणारी घाण पकडता येते. गोठ्याचं सांडपाणी ओढ्यात सोडलं तर हेलिकॉप्टरमधूनसुद्धा दिसतं, आणि खटले होतात, दंड होतात. पण कुरणात चरणाऱ्या गायीच्या मुतातला नायट्रोजन जमिनीत मुरतो, भूजलातून झिरपत काही ठिकाणी दशकांनी तळ्यात पोचतो. त्याला कुठला पाइप नि कुठला पंचनामा! टाउपो तळ्यापुरतं इथल्या कौन्सिलने धाडस केलं: प्रत्येक शेताला नायट्रोजनचा कोटा ठरवून दिला, कोट्याची खरेदी-विक्री मान्य केली आणि सरकारी पैशातून २० टक्के नायट्रोजन कमी करायचं लक्ष्य गाठलं. मात्र वायकाटो आणि वाइपा नद्यांसाठी २०१६ साली जाहीर केलेले नियम अपिलांमध्ये वर्षानुवर्षं अडकले. त्या नियमांचं लक्ष्यही ८० वर्षांचं, म्हणजे नातवंडांनी नदीत पोहायचं. त्यात कौन्सिलवर निवडून येणाऱ्यांमध्ये शेतकरी असतात आणि मतदारही तेच. नियम कडक झाला की पुढची निवडणूक दिसायला लागते.

कौन्सिल चुकली तर काय, असंही तुम्ही विचारलंय. दोन उदाहरणं आहेत. २०१० साली केंद्र सरकारने कँटरबरीच्या कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य सरळ घरी बसवले आणि आयुक्त नेमले. पूर्ण निवडणूक परत यायला २०१९ उजाडलं. दुसरं हॅवलॉक नॉर्थचं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या विहिरीच्या पाण्यात मेंढ्यांच्या लेंड्यांमधला कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू उतरला आणि जेमतेम १४ हजार वस्तीच्या गावात अंदाजे साडेपाच हजार लोक आजारी पडले. नळाचं पाणी एका कौन्सिलचं, भूजल दुसऱ्या कौन्सिलचं. चौकशीत दोघींवर ठपका आला.

तुम्ही प्रबंधासाठी विचारत असाल तर एक अद्ययावत गोष्ट: नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने रीजनल कौन्सिलचे निवडून आलेले सदस्यच काढून त्या जागी भागातल्या महापौरांचं मंडळ आणायचा प्रस्ताव मांडला, आणि १९९१ चा कायदाही बदलायला घेतला आहे. तेव्हा वरच्या रचनेला तारीख घालूनच उद्धृत करा.