तपासणी मराठीत, अर्ज कन्नडात

ताई, माझी मुलगी सात वर्षांची, गावातल्या सरकारी मराठी शाळेत दुसरीला आहे. चार-दोन शब्दच बोलते. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही. हेडमास्तर म्हणतात, "आमच्याकडनं होणार नाही, बेळगावच्या स्पेशल शाळेत घाला." एका ठिकाणी पैसे भरून तपासून घेतलं. तपासणाऱ्या बाई कन्नडच बोलत होत्या. बुद्धी कमी आहे म्हणून कागद दिला. भाऊ म्हणतो, कोल्हापूरला सर्टिफिकेट काढू, तिकडं सगळं मराठीत असतंय. मालक गोव्याला कामाला. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात. मी कुणाचं ऐकू?
— एक आई, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

बाई, तूर्त कुणाचंच ऐकू नका. आणि तो 'बुद्धी कमी'चा कागद पेटीत ठेवून द्या. फाडू नका, पण त्याच्यावर विश्वासही ठेवू नका.

माझ्या बहिणीच्या मुलाची गोष्ट सांगते. त्याच्यापुढं चित्रं मांडली होती आणि विचारलं, "कीलि कुठं आहे?" त्यानं पटकन किल्लीवर बोट ठेवलं. चूक! आपल्या भागातल्या कन्नडात कीलि म्हणजे कुलूप. असल्या चार-पाच फुल्या पडल्या की पोरगं मंद ठरतं. तपासणी घरच्या भाषेतच झाली पाहिजे, हे अडून सांगा. मराठी येणारं कुणी मिळालं तरी एक गोष्ट कानावर घाला: आपल्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी आलो' म्हणतात. उद्या पोरगी तसं बोलली तर ती चूक धरू नका म्हणावं.

पण त्याच्याही आधी कान. हाकेला कधी बघते, कधी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ऐकूच कमी येत असेल तर बाकीच्या तपासण्यांना काय अर्थ? बेळगावच्या बिम्समध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागात दाखवा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगून ठेवा. मात्र ते येईपर्यंत थांबू नका.

आता हेडमास्तर. 'आमच्याकडनं होणार नाही' हे ते तोंडी म्हणाले, कागदावर लिहून देणार नाहीत, कारण तसं लिहिताच येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि सरकारमान्य शाळांना अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायला आणि लागेल ती मदत द्यायला बांधलंय. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड तुमची, हेडमास्तरांची नव्हे. विशेष शाळा वाईट असं मी म्हणत नाही, काही मुलांना तीच मानवते. पण सात वर्षांच्या पोरीनं रोज बेळगावला ये-जा करायची की वसतिगृहात राहायचं, हे ठरवायच्या आधी गावात काय मिळतं ते तरी बघा. तालुक्याला समन्वय शिक्षणासाठी, म्हणजे दिव्यांग मुलांना बाकीच्या मुलांबरोबरच शिकवण्यासाठी, नेमलेले शिक्षक असतात, शाळेतले लोक त्यांना 'बीआयईआरटी' म्हणतात. आपल्या शाळेत ते शेवटचे कधी आले, एवढंच हेडमास्तरांना विचारा. मुलाचं दिव्यांगत्व फारच असलं तर घरी येऊन शिकवायचीही तरतूद आहे. तुमच्या मुलीला ती लागेलसं पत्रावरून वाटत नाही.

पोरीला याच शाळेत लागेल ती मदत द्या, असा अर्ज लेखीच द्या. एक हेडमास्तरांना, एक खानापूरच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हा अर्ज कन्नडात लिहून घ्या. काही वाचक माझ्यावर रागावतील, रागावू देत. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, तुमच्या पोरीची दुसरी-तिसरी त्याला कशाला बांधायची? टेबलावरच्या माणसाला वाचता येईल असा कागद लवकर हलतो. पोरीला मात्र मराठीतच तपासायचं, तिथं तडजोड नाही.

भावाचा जीव तुटतोय, समजतं. पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मुळात देशभर चालतं, ते कोल्हापूरचं म्हणून जास्त चालत नाही. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात करायचा. भावाचा पत्ता घालून काढलंत तर तुमचं आधार नि रेशन कार्ड खानापूरचं, आणि पोरीचं कार्ड महाराष्ट्राचं. पुढं कर्नाटकाची दिव्यांग पेन्शन मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येणार. पंचायतीत दिव्यांगांचं काम बघणारे व्हीआरडब्ल्यू असतात, ऑनलाइन फॉर्म भरायला त्यांनाच गाठा. आधार, फोटो आणि आतापर्यंतचे सगळे डॉक्टरी कागद न्या, पेटीतला तोसुद्धा.

मालकांना फोनवर सगळं सांगत बसू नका, अर्धं कळतं आणि अर्ध्यावरनं भांडण होतं. शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो पाठवा.

आणि सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, तपासणीला बरोबरच न्या. दिवसभर पोरगी त्यांच्याजवळ असते ना? ती पाणी कसं मागते, कुठल्या आवाजाला दचकते, कुणाचा हात धरून ओढते, हे तिथं विचारतील तेव्हा तुमच्यापेक्षा त्याच नीट सांगतील.