आमरीला बांडगूळ म्हणू नका

प्रश्न असा आहे: ‘आंब्याच्या फांदीवर ऑर्किड वाढले आहे. त्याला बांडगूळ म्हणावे की परजीवी? आणि एपिफाइटला मराठीत काय म्हणतात?’

दोन्ही म्हणू नये. झाडावर जे जे हिरवे दिसेल त्याला बांडगूळ म्हणायची खोड हल्ली रानवाटा दाखवणाऱ्यांनाही लागली आहे, आणि ती ऐकून कान किटले. ऑर्किड म्हणजे आमरी. ती फांदीचा नुसता आधार घेते. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे आणि दवाचे पाणी टिपून घेते. आंब्याच्या रसाला ती तोंड लावत नाही. बांडगूळ थेट फांदीत घुसते आणि तिच्यातून पाणी नि क्षार ओढते. (तेही पुरते ऐतखाऊ नव्हे. पाने हिरवी असतात, अन्न स्वतःच तयार करते.)

आमरीसारख्या, झाडाचा नुसता आधार घेणाऱ्या वनस्पतीला म्हणतात एपिफाइट. तिला मराठी विश्वकोशाने ‘अपिवनस्पती’ हा शब्द दिला आहे. तो सोडून हिंदीतला ‘अधिपादप’ उचलणाऱ्यांचे मला कोडेच वाटते. अधिपती, अधिराज, अधिकारी ऐकलेल्या कानाला अधिपादप म्हणजे झाडांचा साहेब वाटणार! उलट आपला ‘अपि’ हा ग्रीक ‘एपि’चा सख्खा भाऊ आहे. पिधान म्हणजे झाकण, मूळ अपिधान, वर ठेवलेले. यापेक्षा नेमका उपसर्ग कुठून आणणार?

पण खरी गंमत बांडगुळात आहे. अमरसिंहाच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातली ओळ पाहा: ‘वन्दा वृक्षादनी वृक्षरुहा जीवन्तिकेत्यपि’. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवलेली. पहिले नाव बांडगुळाला चपखल, दुसरे आमरीलाही चालेल, आणि अमरसिंहाने दोन्ही एकाच वनस्पतीची म्हणून एका दमात सांगून टाकली. पुढे संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या 1795 साली छापलेल्या लेखातून हाच ‘वन्दा’ शब्द वनस्पतिशास्त्रात गेला आणि कुणाला चिकटला? ऑर्किडांच्या एका प्रजातीला (जीनसला)! आपल्याकडे रास्ना म्हणून ओळखली जाणारी आमरी त्याच ‘वांडा’ प्रजातीतली. म्हणजे या गोंधळाला थेट संस्कृतातला आधार आहे. तरी तो आपण चालू ठेवावा असे नाही.

आता माझा तर्क. वन्दाचे हिंदीत बांदा झाले, आणि बांदा म्हणजे बांडगूळच. मराठीत ‘बांदगूळ’ असेही रूप आहे. मग ‘गूळ’ कुठला? फळ चिकट असते, फुलटोच्या पक्षी ते खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो, म्हणून गूळ, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. संस्कृतात ‘गुड’ म्हणजे गोळा. ऊसाच्या गुळाचे नावही त्या गोळ्याशीच जोडलेले. बांडगूळ फांदीत शिरते तिथे गाठ धरते, ती गाठ म्हणजे वन्देचा गुड. ‘ड’चा ‘ळ’ होणे नेहमीचेच, तडागाचे तळे झाले तसे. ‘द’चा ‘ड’ कसा, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दंश आणि डसणे शेजारी ठेवून पाहावेत. मराठीत ‘व’चा ‘ब’ सहसा होत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच की शब्द उत्तरेकडून आला असावा. ‘बांडा’ या विशेषणावरून व्युत्पत्ती सांगणारेही भेटतात. बांडा म्हणजे शेपूट तुटलेला. त्याचा झाडाशी संबंध काय, ते त्यांनीच सांगावे.

शिवी म्हणून ‘बांडगूळ’ हा शब्द वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. ज्याच्यासारखे झिजावे असे आपण सांगतो तो चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांत आपली मुळे खुपसून पाणी आणि क्षार ओढतो. अंशतः परजीवीच तो. पण ‘चंदन’ म्हणून कुणाला शिवी दिलेली मी ऐकलेली नाही.